निवडणूक आयोगाने कधी, कोणाशी आणि कसे बोलावे

लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी सायंकाळी सहा वाजता मतदान केंद्रावर एक साधी कृती होते. बहुतेक मतदारांनी ती पाहिलेली नसते, कारण तोवर ते मत देऊन घरी गेलेले असतात. वेळ संपली त्या क्षणी जे मतदार रांगेत उभे असतात त्या सर्वांना मत देण्याचा हक्क असतो, म्हणून मतदान केंद्राध्यक्ष सही केलेल्या, क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या घेऊन बाहेर येतात आणि त्या रांगेच्या शेवटाकडून वाटायला सुरुवात करतात. सर्वांत मागे उभ्या असलेल्या माणसाला एक क्रमांकाची चिठ्ठी मिळते आणि वाटप पुढे सरकत दारापर्यंत येते. पुढून वाटत गेले असते तर वाटप संपेपर्यंत मागे आणखी माणसे येऊन उभी राहिली असती. मागून वाटल्यामुळे रांग त्या क्षणी बंद होते आणि उशिरा आलेल्याला परत जावे लागते.

ही कृती दोन मिनिटांची असली, तरी २० नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर राज्यभर जो वाद पेटला तो समजून घ्यायचा असेल तर ती माहीत असावी लागते. त्या दिवशी सायंकाळी पाच वाजेपर्यंतची टक्केवारी ५८.२२ अशी सांगितली गेली होती आणि अंतिम आकडा ६६.०५ टक्के आला. राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार असल्यामुळे हा फरक जवळजवळ ७६ लाख मतांचा होतो. विरोधी पक्षांनी विचारले की ही मते संध्याकाळनंतर कोठून आली. प्रश्न गंभीर होता आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता.

आता हिशेब मांडून पाहू. राज्यात एक लाखाहून थोडी अधिक मतदान केंद्रे होती, म्हणजे ७६ लाखांचा फरक दर केंद्रामागे सरासरी ७५-७६ मतांचा होतो. एका केंद्रावर सरासरी साडेनऊशे ते पावणेदहाशे मतदार धरले आणि त्यांतल्या दोनतृतीयांश लोकांनी सकाळी सात ते सायंकाळी सहा या अकरा तासांत मत दिले असे मानले, तर ताशी सरासरी ५८ मते पडतात. शेवटच्या तासात आणि त्यानंतरच्या रांगेत मिळून ७६ मते पडणे हे सरासरीपेक्षा जास्त आहे, पण अशक्य कोटीतले नाही. त्यातच पाच वाजताचा आकडा हा पाच वाजता मोजलेला आकडा नसतोच. तो केंद्रांवरून क्षेत्रीय अधिकाऱ्यांकडे फोनवरून येतो, तेथून वर जातो, आणि अनेक केंद्रांची माहिती एकदीड तास जुनी असते. या हिशेबाने सर्व शंका मिटतात असे मी म्हणत नाही, कारण सरासरीच्या आड एखाद्या केंद्रावरचा गैरप्रकार लपू शकतो. मात्र पाच वाजताचा आकडा आणि अंतिम आकडा ही दोन वेगळ्या जातीची मोजमापे आहेत, हे मतदानाच्या आधी, निकाल कोणाच्याही हातात नसताना, राज्यातल्या प्रत्येक वर्तमानपत्रात सोप्या मराठीत छापून आले असते, तर पुढचा वाद नेमक्या मुद्द्यांवर झाला असता. आयोगाने हे स्पष्टीकरण दिले, पण निकालानंतर दिले. निकाल लागल्यानंतर दिलेले कोणतेही स्पष्टीकरण हरलेल्या बाजूला सबबीसारखे ऐकू येते.

ज्याला इंग्रजीतून आलेल्या शब्दाने ‘पब्लिक अफेअर्स’ म्हणतात, ते स्वतंत्र निवडणूक नियामकाच्या कार्यालयातले काम नेमके येथे सुरू होते. त्याला ‘जनसंपर्क’ म्हणता येईल, पण तो शब्द अपुरा पडतो, कारण जनसंपर्क म्हटले की संस्थेची प्रतिमा उजळ ठेवणे हे काम डोळ्यांसमोर येते. येथे कामाचे स्वरूप वेगळे आहे. राजकीय पक्ष, संसद आणि विधिमंडळ, पत्रकार, स्वयंसेवी संस्था आणि मतदार या सर्वांशी आयोगाच्या वतीने बोलणे, नियम कसे चालतात ते समजावणे, कायद्यात काय कमी आहे ते कायदा करणाऱ्यांपुढे मांडणे आणि बाहेरची तक्रार न पातळ करता आत पोहोचवणे, असा या कामाचा विस्तार आहे. मला यांतला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ज्या कार्यालयात बोलणारे पुष्कळ असतात आणि ऐकलेले वरिष्ठांपर्यंत नेणारा कोणी नसतो, तेथे पहिली बातमी नेहमी बाहेरून कळते.

कामाचा खरा वाचक कोण, हेही सुरुवातीलाच ठरवावे लागते. जिंकलेल्या उमेदवाराला प्रक्रियेविषयी शंका नसते. आयोगाची प्रत्येक प्रेस नोट, प्रत्येक पत्र आणि प्रत्येक आकडा हरलेला उमेदवार आणि त्याचे कार्यकर्ते वाचणार आहेत असे धरून लिहावे लागते. निकाल त्यांना कडू लागणारच आहे. तो कसा लागला हे तरी त्यांना तपासता आले पाहिजे.

तपासण्याचे साधन आपल्या कायद्यात आहे आणि त्याचे नाव नमुना १७-क. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष या कागदावर त्या केंद्रावरील मतांचा हिशेब लिहितात आणि त्याची सही केलेली प्रत हजर असलेल्या मतदान प्रतिनिधींना देतात. मतमोजणीच्या दिवशी यंत्रात दिसणारी एकूण मते या कागदाशी जुळवून पाहिली जातात. म्हणजे ज्या पक्षाचे प्रतिनिधी शेवटपर्यंत केंद्रावर बसले, त्याच्याकडे त्या केंद्राचा आकडा त्याच रात्री लेखी असतो. पुण्यात कोरेगाव पार्कच्या अन्न महामंडळाच्या गोदामात लोकसभेची मोजणी चालते तेव्हा टेबलासमोरच्या जाळीपलीकडे बसलेले प्रतिनिधी हाच कागद हातात धरून आकडे टिपत असतात.

हा कागद पक्षांना मिळतो, मग सामान्य नागरिकाला का मिळू नये, हा प्रश्न २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९ एप्रिलला पहिल्या टप्प्याचे मतदान झाले आणि त्याची अंतिम टक्केवारी ३० एप्रिलला, म्हणजे अकरा दिवसांनी प्रसिद्ध झाली. त्यातही मतांची प्रत्यक्ष संख्या नव्हती. न्यायालयाने २४ मे रोजी निवडणूक चालू असताना अंतरिम आदेश देण्यास नकार दिला, आणि दुसऱ्याच दिवशी आयोगाने पहिल्या पाच टप्प्यांतील मतदारसंघनिहाय मतांची संख्या स्वतः जाहीर केली. जी माहिती २५ मे रोजी देता आली, ती महिनाभर आधी का देता आली नाही, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला आजही सापडलेले नाही. त्याच वर्षी २० डिसेंबरला केंद्र सरकारने आयोगाच्या सल्ल्याने निवडणूक संचालन नियमांतील नियम ९३ बदलला आणि निवडणुकीची कोणती कागदपत्रे लोकांना पाहता येतील याची व्याप्ती आवळली. विधानसभेच्या टक्केवारीवर वाद चालू असताना हा बदल झाला. येथे पब्लिक अफेअर्सची मर्यादा दिसते: कपाटाला कुलूप लागले की उत्तम मराठीत लिहिलेली प्रेस नोटसुद्धा वाचकाचे समाधान करू शकत नाही. म्हणून या विभागातल्या माणसाला निर्णय झाल्यावर मजकूर लिहायला बोलावू नये, निर्णय होत असताना त्या खोलीत बसवावे. म्हणजे ‘हे लोकांना सांगताना आपल्याला अडचण येईल’ हे वाक्य वेळेवर उच्चारले जाईल.

पुण्यात हे काम करणाऱ्यापुढे आणखी एक गुंता असतो. आपल्याकडे निवडणूक आयोग दोन आहेत. २५ जानेवारी १९५० रोजी स्थापन झालेला भारत निवडणूक आयोग लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका घेतो. महापालिका, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर, १९९४ मध्ये, महाराष्ट्रात तो अस्तित्वात आला. दोन्ही घटनात्मक आणि एकमेकांपासून वेगळे आहेत, पण मतदार यादी मात्र एकच आहे. विधानसभेची जी यादी केंद्रीय आयोग तयार करतो, तीच घेऊन राज्य आयोग तिचे प्रभागनिहाय विभाजन करतो. त्या यादीत नवे नाव घालणे किंवा असलेले काढणे राज्य आयोगाच्या हातात नसते. महापालिकेच्या निवडणुकीआधी सिंहगड रस्त्यावरचा एखादा गृहस्थ ‘माझे नाव दुसऱ्याच प्रभागात गेले’ अशी तक्रार घेऊन आला तर ती राज्य आयोगाच्या यंत्रणेकडे जाते, आणि ‘माझे नाव यादीतच नाही’ म्हणणारा त्याचा शेजारी केंद्रीय आयोगाच्या यंत्रणेकडे जातो. दोघे एकाच सोसायटीत राहतात, दोघांच्या मते चूक ‘निवडणूक आयोगाची’ आहे, आणि खिडकीवरच्या कारकुनाला दोन वेगळी उत्तरे द्यावी लागतात. २०२५ मध्ये दुबार नावांवरून टीका झाली तेव्हा राज्य आयोगाला याच कारणाने ती नावे वगळता आली नाहीत. संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारांकित खुणा करून, अशा मतदाराकडून एकाच ठिकाणी मत देण्याचे हमीपत्र घेण्याचा मार्ग त्याला काढावा लागला. हे कारण जेथे दोन ओळींत सांगितले गेले तेथे लोकांना ते पटले आणि जेथे ‘सदर बाब आयोगाच्या अखत्यारीत येत नाही’ असे लिहिले गेले तेथे राग वाढला, असा माझा अनुभव आहे.

भाषेविषयी थोडे अधिक लिहितो, कारण माझे बरेचसे आयुष्य सरकारी मसुदे सोपे करण्यात गेले आहे. ‘मतदार यादीत नाव समाविष्ट नसलेल्या अर्हताप्राप्त व्यक्तींनी विहित नमुन्यात अर्ज सादर करणे आवश्यक राहील’ हे वाक्य चुकीचे नाही, पण हिंजवडीत भाड्याने राहायला आलेल्या तरुणाला त्यातून काहीही कळत नाही. त्याला हवे असते ते असे: ‘वय १८ पूर्ण झाले आहे आणि नाव कोठेच नाही, तर नमुना ६ भरा, नाव जुन्या गावी आहे आणि ते इकडे आणायचे आहे, तर नमुना ८ भरा.’ दुसरे एक वाक्य तर प्रत्येक पत्रकाच्या डोक्यावर छापावे असे मला वाटते: मतदार ओळखपत्र जवळ असणे म्हणजे यादीत नाव असणे नव्हे. १७ एप्रिल २०१४ रोजी पुण्यात असंख्य लोक ओळखपत्र हातात घेऊन केंद्रावर पोहोचले आणि यादीत नाव नाही म्हणून परत फिरले. त्या दिवशीचा संताप ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वाक्य वेळेवर पोहोचण्याची किंमत समजते.

महापालिकेच्या निवडणुकीत समजावण्याचे काम दुप्पट होते, कारण तेथे एका मतदाराला बहुतेक प्रभागांत चार मते द्यायची असतात. पुणे महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ नंतर थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. मधली जवळजवळ चार वर्षे शहरावर प्रशासक होता. इतक्या काळात मतदारांची एक पिढी अशी तयार झाली होती जिने चार मतांचे यंत्र कधी पाहिलेच नव्हते. माझ्या शेजारच्या काकूंना मी वहीच्या पानावर रकाने आखून दाखवले होते. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकी गुलाबी, क ची फिकी पिवळी आणि ड ची फिकी निळी. प्रत्येक रंगात एकेक बटण दाबायचे, एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल तर त्या रंगातले ‘नोटा’ दाबायचे, आणि चारही झाल्यावर लांब आवाज येईपर्यंत जागचे हलायचे नाही. काकूंनी विचारले, “चारही एकाच पक्षाला द्यावी लागतात का रे?” प्रश्न अगदी रास्त होता. पण आयोगाच्या माणसाने त्याचे उत्तर देताना केवढी काळजी घ्यायची असते पाहा. ‘द्यावी लागत नाहीत’ एवढे म्हणून थांबले तर फाटाफूट सुचवल्यासारखे होते. ‘चार जागा स्वतंत्र आहेत आणि प्रत्येक जागेसाठी तुम्ही तुमच्या मनाप्रमाणे मत द्या’ हे उत्तर पूर्ण असते आणि कोणाच्याही बाजूला झुकत नाही.

निःपक्षपातीपणाची ही कसोटी भारतात अधिक कठीण आहे, कारण आयोगाकडे जिल्ह्याजिल्ह्यांत स्वतःचे कर्मचारी नाहीत. राज्यघटनेच्या ३२४ व्या अनुच्छेदानुसार सरकारने आयोगाला माणसे उपलब्ध करून द्यायची असतात, आणि निवडणुकीच्या काळात ती आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे कायदा मानतो. जिल्हाधिकारी हेच जिल्हा निवडणूक अधिकारी होतात. काल पालकमंत्र्यांच्या उद्घाटनाची बातमी लिहिणारा माहिती कार्यालयातला कर्मचारी आज आचारसंहिता लागताच आयोगाच्या नियंत्रणाखाली लिहू लागतो आणि निकालानंतर पुन्हा त्याच मंत्र्यांच्या दौऱ्यावर जातो. हे लोक हे काम बहुधा चोख करतात आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्यांना सवयीने लागलेली विशेषणे पहिल्याच दिवशी सोडावी लागतात: आयोगाच्या नोटमध्ये मतदान ‘उत्स्फूर्त’ नसते, प्रतिसाद ‘उदंड’ नसतो, आकडा असतो आणि वेळ असते. एका पक्षाला दिलेला कागद त्याच क्षणी सर्व पक्षांना द्यायचा असतो. सर्वपक्षीय बैठकीत कोणी काय विचारले आणि काय उत्तर दिले याचे लेखी टिपण सर्वांना पाठवायचे असते, आणि फोनवर एखाद्या नेत्याने ओळखीने विचारलेल्या शंकेचे उत्तरसुद्धा दुसऱ्या दिवशी सर्वांना दिसेल अशा जागी लावायचे असते.

कायदा करणाऱ्यांशी बोलण्याची बाजू आपल्याकडे कमी दिसते, म्हणून ब्रिटनचे उदाहरण घेतो. तेथील इलेक्टोरल कमिशन २००० सालच्या कायद्याने स्थापन झाले आणि ते सरकारला नव्हे तर संसदेला, सभापतींच्या समितीमार्फत, उत्तरदायी आहे. ते मतदान घेत नाही. पक्षांच्या पैशांवर देखरेख ठेवणे, मतदान घेणाऱ्या यंत्रणेसाठी निकष ठरवणे आणि सार्वमताचा प्रश्न तपासणे ही त्याची कामे आहेत. २०१४ च्या स्कॉटलंडच्या सार्वमतासाठी तेथील सरकारने सुचवलेला प्रश्न होता, ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा याच्याशी तुम्ही सहमत आहात का?’ कमिशनने तो सामान्य मतदारांसमोर ठेवून पाहिला आणि ‘सहमत आहात का’ हे शब्द होकाराकडे ढकलतात असे उघडपणे सांगितले. शेवटी मतपत्रिकेवर ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?’ एवढेच छापले गेले. २०२२ मध्ये सरकारने कमिशनसाठी धोरणाचे निवेदन काढण्याचा अधिकार स्वतःकडे घेणारा कायदा आणला, तेव्हा कमिशनच्या सदस्यांनी जाहीर पत्र लिहून विरोध केला. कायदा झाला, पण आक्षेप संसदेच्या दप्तरात राहिला. सरकारला जाहीरपणे ‘हे आम्हाला मान्य नाही’ म्हणता येणे आणि तेही पक्षाच्या भाषेत न बोलता म्हणता येणे, हे या पेशातले सर्वांत अवघड कौशल्य आहे.

आपल्या शहराची एक गोष्ट अजून मनात सलते. पुण्याचे खासदार गिरीश बापट यांचे २९ मार्च २०२३ रोजी निधन झाले. रिकामी जागा सहा महिन्यांत भरावी असे कायदा सांगतो, काही अपवाद वगळता. पोटनिवडणूक झाली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती ताबडतोब घ्या असा आदेश दिला, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि मे २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत पुणे खासदाराविना राहिले. सार्वत्रिक निवडणुकीची तयारी आणि निवडून येणाऱ्याला मिळणारा अल्प काळ ही आयोगाची कारणे पुणेकरांना मुख्यतः न्यायालयातल्या सुनावणीच्या बातम्यांतून कळली. कारणे योग्य होती की नव्हती हा वेगळा वाद आहे. पण लाखो मतदारांचा प्रतिनिधी निवडला जाणार नाही हे त्यांना आयोगाने स्वतःहून, तारखेसह आणि कलमासह सांगायला हवे होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०२३ मध्येच कसबा पेठ आणि चिंचवडच्या पोटनिवडणुकीची तारीख २७ फेब्रुवारीवरून २६ वर आणताना परीक्षांचे कारण आयोगाने सरळ सांगितले होते आणि कोणी त्यावर संशय घेतला नव्हता.

या क्षेत्रात काम करू इच्छिणारी एक विद्यार्थिनी मध्यंतरी माझ्याकडे आली होती. तिला मी संवादाची तंत्रे सांगितली नाहीत. केंद्राध्यक्षांच्या प्रशिक्षणात वापरतात तसा सरावाचा नमुना १७-क दिला आणि भरायला सांगितला. तिने मतदार नोंदवहीतील संख्या लिहिली, ६१३. यंत्रातील मते होती ६१२. ती गडबडली आणि तिने पुन्हा बेरीज केली. मग मी तिला त्या नमुन्यातली तिसरी ओळ दाखवली, जिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. नंतर तासभर बसून आम्ही दोघांनी एकच वाक्य लिहिले, पाच-सहा वेळा खोडून. ते असे झाले: ‘नोंदवहीत सही केल्यानंतर एका मतदाराने मत न देण्याचे ठरवले आणि तशी नोंद त्याच्या सहीसह केली आहे; म्हणून नोंदवहीत ६१३ नावे आहेत आणि यंत्रात ६१२ मते आहेत.’